माझ्या नावावर खाल्लेला दम

संगे,

तू गेलीस हे मला आपल्या गटातल्या वैशालीनं फोनवर सांगितलं, आणि मी तिला म्हणाले, "मग दे की फोन तिच्याकडं."

खरंच असं म्हणाले. वैशाली गप्प झाली. मला वाटलं रेंज गेली. त्या दिवशी मी दुकान उघडलं नव्हतं, घरीच मशीनवर बसले होते. पायाखाली पायडल चालू होतं आणि पुढ्यात तुझीच वाकळ होती. वैशाली पुन्हा म्हणाली, "काकू, ऐकायलाव न्हवं तुमी? संगीताकाकू गेल्या." मी विचारलं, "कुठं गेल्या?" बेंबळीतली बाई सकाळच्या पारी जाऊन जाऊन कुठं जाणार? शेतात, नाहीतर धाराशिवला. मी मनातल्या मनात चिडलेसुद्धा, की धाराशिवला जायचं होतं तर मला सांगायचं, मला अस्तराचं कापड आणायचं होतं.

मग फोनमधून बायकांचं रडणं ऐकू आलं. त्याच्यामागं गिरणीचा आवाज होता. गिरणी चालूच होती, पण दगडात दाणा नसला की ती जशी खडखडते तशी खडखडत होती. तो आवाज ऐकला आणि मग मला कळलं. तू असताना गिरणी रिकामी फिरूच दिली नसतीस.

इतके दिवस झाले, तरी माझं डोकं थाऱ्यावर नाही. तुझी पिठाची गिरणी आणि माझं शिलाईचं दुकान, मधे एकच भिंत. तू पट्टा चढवलास की माझ्याकडची खिळ्याला टांगलेली कात्री थरथरायला लागायची. आता ती गप्प लटकलेली असते. मी कापड बेतताना दहादा मान वर करून तिच्याकडं बघते. कुणी दुकानात आलं आणि तुझ्याबद्दल 'होती' म्हणालं, की मला त्या माणसाचं माप घ्यावंसं वाटत नाही.

तुझ्यावर रागावायचं आहे मला. पण ते नंतर. आधी ती कॅम्पची गोष्ट, कारण सगळं तिथूनच सुरू झालं आणि अजून त्या आठवणीनं मला हसू येतं, आणि हसल्याबद्दल मग लाज वाटते.

दळण पडेपर्यंत तू फोनवर काहीबाही बघायचीस. एकदा भिंतीपलीकडून ओरडलीस, "शैले, पळत ये!" मी सुई तशीच ठेवून आले. तुझ्या फोनवर कळसूबाईचा डोंगर. लोखंडी शिड्या, त्यावरून नऊवारीतल्या बायका चढतायत, वर देवीचं देऊळ, खाली ढग. तू म्हणालीस, "राज्यातला सगळ्यात उंच डोंगर हाय म्हणं. आपल्याच राज्यातला हाय न्हवं? मग आपलाच की. जाऊ." जणू उसाच्या फडापलीकडं जायचं होतं. मी म्हणाले, नवरे सोडतील का मुक्कामाला? तू म्हणालीस, "त्यांना कोण विचारायलंय? त्यांना सांगायचंय फकस्त."

आणि तू बचत गटाच्या ग्रुपवर ठेवून दिलंस: 'सर्व महिलांना कळविण्यात येते की, मुक्कामी कॅम्प आहे. इच्छुकांनी रविवारी गिरणीवर नाव द्यावे. आधार कार्ड, चादर, ताट-वाटी सोबत लागेल.' ही भाषा तू कुठून उचललीस ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आपण आयुष्यभर हेच वाचत आलोय. रविवारी सकाळी गिरणीपुढं बघते तर सगळ्या म्हाताऱ्या. काही सुनेचा हात धरून, काही काठी टेकत, प्रत्येकीच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स आणि कापडी पिशवीत ताट-वाटी. आपल्याकडं मुक्कामी कॅम्प म्हटला की तो मोतीबिंदूचाच. दुसरा कॅम्प कुणी पाहिलाय?

गया मावशी सगळ्यात पुढं होत्या. तुझ्यासमोर येऊन त्यांनी चष्मा काढला आणि डोळा ताणून दाखवला. "ह्यो आधी कर म्हणावं डॉक्टरला. ह्यानं काईच दिसना." तुझ्या तोंडाकडं बघून मी आत पळाले, ताग्यावर डोकं ठेवून हसले. मला वाटलं तू समजावून सांगशील आणि त्यांना घरी पाठवशील. मी हसून बाहेर आले तर तू मावशींच्या पिशवीतलं ताट बघत होतीस. म्हणालीस, "मावशी, कॅम्प लांबलाय जरा. पण हाय. म्या घिऊन जाते."

आणि घेऊन गेलीसही. कुठं कुठं फोन लावलेस, धाराशिवला खरा डोळ्यांचा कॅम्प शोधलास, आणि आपल्या डोंगराची नाव-नोंदणी बाजूला ठेवून त्या सगळ्यांना टमटममध्ये कोंबून नेलंस. मी म्हणाले, अगं, आपण कळसूबाई म्हणत होतो. तू म्हणालीस, "कळसूबाई कुठं पळून जायलीय? ह्यांचं दिसणं पळून चाललंय." महिन्याभरानं गया मावशी काळा चष्मा लावून गिरणीवर आल्या, चष्मा वर केला, तुला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "व्हय गं, तू एवढी पांढरी हाईस व्हय? मला वाटायचं माझाच डोळा पांढरा झालाय." तुझ्या केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर पीठ. तू कायम तशीच. मग त्या म्हणाल्या, डोळं दिलंस, आता त्यो डोंगर बी दाव. तू त्यांचं नाव सगळ्यात वर घातलंस. त्या शिड्या चढणार नव्हत्या, पायथ्याला तंबूपाशी बसून सामान राखणार होत्या.

म्हणजे अखेर डोंगराचा कॅम्प ठरला तो असा. संक्रांतीनंतर निघायचं, क्रूझर गाडी करायची, पायथ्याच्या गावात तंबूत मुक्काम करायचा, पहाटे चढायला लागायचं. हुरडा बरोबर घ्यायचा. झोपायच्या पिशव्या विकत घ्यायच्या नाहीत, शैला जुन्या वाकळी दुमडून तीन बाजूंनी शिवणार. ही अक्कल तुझीच. पहिली पिशवी शिवली तेव्हा तू गिरणीतच, पोत्यांच्या मधे ती अंथरून आत शिरलीस, गळ्यापर्यंत ओढून घेतलीस आणि म्हणालीस, "उबदार हाय. पण लघवीला उठायचं कसं गं ह्यातून?" वैशाली पोट धरून हसली. तू आत हात-पाय झाडत होतीस. ती पिशवी आता माझ्याकडं आहे. कुणाला देणार नाही.

साडी की ड्रेस यावर तर तू माझ्याशी आठवडाभर भांडलीस. मी म्हणाले, शिडीवर साडी अडकेल, मी सगळ्यांना सलवार शिवून देते. तू म्हणालीस, लग्न झाल्यापासून ह्या गावानं माझे घोटेसुद्धा बघितले नाहीत आणि तू मला सलवारीत क्रूझरमध्ये चढवायलीस? शेवटी साडीच्या आत सलवार ठरली. तुझी बेतलेली सलवार तशीच पडून आहे, नाडी घालायची राहिलीय.

आणि मग सराव. दर रविवारी दुपार कलली की खंडोबाच्या माळावर चढायचं, वर देवळाला हात लावायचा, उतरायचं. साड्या खोचलेल्या, पायात पोरांचे जुने बूट, आणि खाली शेतात काम थांबवून बघणारी माणसं. कुणीतरी विचारलं होतं, "काय नवस फेडायलाव काय?" तू वरूनच सांगितलंस, "व्हय, तुमच्यासाठी बुद्धी मागायलाव."

नियम तूच केलास. सगळ्यात हळू चालणारीनं पुढं राहायचं, म्हणजे कुणी मागं पडणार नाही. आणि सगळ्यात हळू कोण, तर शैला. का? तर म्हणे, शैला दिवसभर मशीनवर बसून असते. हे तू सगळ्यांसमोर ठरवून टाकलंस. मी पुढं, माझ्यामागं तू, तुझ्यामागं बाकीच्या. आणि माळाच्या मध्यावर ते हिवराचं झाड आलं की मागून तुझा आवाज यायचा, "थांबा गं, शैलाला दम लागलाय!"

मला दम लागलेला नसायचा, संगे. मी म्हणायचे, "मला न्हाय लागला." सगळ्या हसायच्या. तू म्हणायचीस, "बघा, बोलायला बी यिना तिला." मग सगळ्या हिवराखाली बसायच्या, तू खोडाला पाठ टेकायचीस आणि बोट करून दाखवायचीस, "ती बघ आपली गिरणी दिसायली. ते बघ शाळेवरचे पत्रे." खोकायचीस मधेच. कुणी बघितलं की म्हणायचीस, "पीठ हाय गं घशात. जन्माचं पीठ." मी तोंड फुगवून बसलेली असायचे. मला राग यायचा, की गावभर माझा दम गाजवतेस.

आपलं शेवटचं भांडण येळवशीला झालं. तुमच्याच रानात. अवसेच्या पूजेला सगळं गाव शिवारात, जिकडंतिकडं कडब्याच्या कोपी, धूर, पोरांचा आरडाओरडा. तू पूजा उरकून सगळ्यांना भज्जी आणि उंडे वाढत होतीस, मला आंबिलीचा दुसरा पेला बळंच दिलास. तिथं तुझी धाराशिवची नणंद आलेली. तू तिला कौतुकानं सांगायला लागलीस, आम्ही कळसूबाईला जाणार, आणि ही शैला, हिला लई दम लागतो, हिच्यासाठी आम्ही दर रविवारी थांबतो. नणंदेनं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. माझं डोकंच फिरलं.

मी तुला कोपीच्या मागं ओढलं. म्हणाले, "हे बघ, कळसूबाईला माझं नाव घिऊन थांबलीस तर म्या तिथनंच माघारी फिरंन. तुला थांबायचं तर तुझं नाव घे."

तू हसली नाहीस. मला वाटलं होतं हसशील. पदरानं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "बरं, न्हाय घेत तुझं नाव. पण कुणाचं तरी घ्यावं लागतं गं."

मी विचारलं नाही, म्हणजे काय. तुझी नणंद हाक मारत होती, आणि आंबील उन्हात आंबट व्हायला लागली होती. जाताना मी चालत्या पायानं म्हणाले, "परवा बघू माळावर." तू मान हलवलीस. तुझ्या तोंडावर त्या दिवशी पीठ नव्हतं, येळवशीला गिरणी बंद. तरी तू पांढरी दिसलीस मला. मनात म्हणाले असेन, ऊन आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशाली दळण घेऊन आली, तर तू पोत्याला टेकून बसलेली, जशी हिवराला टेकून बसायचीस, आणि गिरणी रिकामी फिरत होती.

मी पोचले तोवर तुला ओसरीवर आणलं होतं. तुला आंघोळ घातलेली होती. मी तुझ्याकडं बघितलं आणि मला खरंच वाटलं ही दुसरीच कुणीतरी आहे, घर चुकलंय, वैशालीनं चुकीचं सांगितलंय. भिंतीला भिंत लावून आयुष्य काढलं आपण, आणि तुझ्या भुवया इतक्या काळ्या आहेत हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. गया मावशी तुझ्या उशाशी बसल्या होत्या. डोळ्यांत टाकायच्या औषधाची बाटली अजून त्यांच्या कमरेला होती. त्या एकच विचारत होत्या, "पीठ कुणी पुसलं गं हिच्या तोंडाचं? कुणी पुसलं?" मला तर ओरडावंसं वाटलं की आणा पीठ, लावा तिला, मग बघू उठते का नाही. एवढी मोठी बाई मी, काय काय मनात आलं माझ्या.

तेराव्याच्या दिवशी पाहुणे जेवून गेल्यावर तुझे मालक, दादाराव भाऊजी, दारातच बसले होते. ते तसे कमी बोलणारे. मला म्हणाले, "वहिनी, ती माळवदावर वाळवण घालायला जाताना निम्म्या शिडीवर बसायची बघा. म्या म्हणायचो, डॉक्टरला दावू. ती म्हणायची, पीठ गेलंय घशात." मग थांबून म्हणाले, "डॉक्टर म्हणला, हे काई एका दिवसाचं न्हवतं."



आता रागवते. ऐक. माझ्या नावावर दम खाल्लास तू? दर रविवारी? मी फुगून बसायचे आणि तू माझ्याशेजारी बसून गिरणी दाखवायचीस, शाळा दाखवायचीस, म्हणजे तोवर छाती जाग्यावर यावी म्हणून? सगळ्यांना हसवायचीस ते तुझ्याकडं कुणी बघू नये म्हणून? म्हाताऱ्यांना टमटममध्ये घालून डॉक्टरकडं नेलंस, त्याच दारात तुला स्वतःला दाखवता आलं नाही? कुणाला भीत होतीस? दम लागतो म्हटलं तर भाऊजी डोंगर बंद करतील, म्हणून? का तुलाही खरंच वाटत होतं की पीठच आहे?

मला माहीत नाही. हे कुणालाच माहीत नाही आणि आता तू सांगणार नाहीस. कदाचित तुलाही नीट ठाऊक नसेल. पण रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेच. एखाद्या वेळेला वाटतं, मला खरंच दम लागत असेल, आणि तू खरंच माझ्यासाठी थांबत असशील, आणि हे सगळं मी उगाच जुळवतेय. तसं असेल तर मला जास्त रडू येतं. आणि मग तुझं ते वाक्य आठवतं, कुणाचं तरी घ्यावं लागतं गं. घे की बाई. माझं घ्यायचंस. मी कुठं नको म्हणत होते, नुसती भांडत होते. आपण दोघी कशावर भांडलो नाही? साडीवर भांडलो, मिठावर भांडलो, भिंतीला खिळा कुणी ठोकायचा यावर भांडलो. त्या भांडणांतलं एकही तू मनाला लावून घेतलं नाहीस, मग हेच का ऐकलंस?

क्रूझरवाल्याचा फोन आला होता, गाडी ठेवायची का म्हणून. वैशालीच्या घरचे म्हणाले, आता कशाचा डोंगर, अपशकुन झाला, बंद करा. वैशालीनं मला विचारलं, "काकू, जायचं का न्हाय?" मी म्हणाले, मला विचारू नको, मी कोण? ती म्हणाली, "तुमी पुढं चालायच्या."

काल रविवार होता. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. माझं मलाच ठाऊक नव्हतं मी का निघाले. पायात बूट घातले, साडी खोचली, आणि माळाच्या पायथ्याशी गेले. बघते तर सगळ्या तिथं. कुणी कुणाला बोलावलेलं नव्हतं. गया मावशी काळा चष्मा लावून दगडावर बसलेल्या. म्हणाल्या, "म्या निम्म्यावर यीन. तिथं झाड हाय म्हणं. बघायचंय मला."

मी पुढं झाले. माझ्यामागं, तुझ्या जागी, कुणी आलं नाही. सगळ्यांनी मिळून मधे एक माणसाएवढी जागा सोडली होती. मावशींना वैशालीनं हाताला धरलं होतं, म्हणून सावकाश चाललो. शेतातल्या माणसांनी काम थांबवून बघितलं, पण नवसाचं कुणी विचारलं नाही. चढताना मी नीट लक्ष देत होते. माझा श्वास, माझी छाती, माझे पाय. संगे, मला दम लागला नाही. हिवरापर्यंत मी धडधाकट चढून आले.

तिथं सगळ्यांची पावलं आपोआप हळू झाली. सगळ्या वाट बघत होत्या, मागून हाक येईल. हाक आली नाही. वैशालीनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं आता इथनंच सगळ्या माघारी फिरणार, आणि तो डोंगर, ती क्रूझर, त्या वाकळी, सगळं इथंच राहणार.

मी मागं वळले आणि तू ओरडायचीस तसं, खालच्या शिवारापर्यंत ऐकू जाईल असं ओरडले, "थांबा गं, संगीताला दम लागलाय!"

सगळ्या बसल्या. खोडाजवळची जागा कुणी घेतली नाही. गया मावशींनी चष्मा काढला, तिकडं बघितलं आणि म्हणाल्या, "बस बये, बस."

कळसूबाईला आम्ही जाणार आहोत. तुझी वाकळ मी बरोबर घेणार आहे. तिथं प्रत्येक शिडीच्या तोंडाशी मी तुझं नाव घेऊन थांबणार आहे, आणि कुणी विचारलं तर सांगणार आहे, आमच्यातल्या एकीला दम लागतो.

तू निवांत दम खा. आम्हाला घाई नाही.

तुझी,
शैला